ताजमहाल हॉटेलातील झुंबरे मूळची आहेत का? एका जुन्या हॉटेलातील शोभेच्या दिव्यांचा इतिहास

प्रश्न तीन पदरी आहे. मुंबईच्या अपोलो बंदरावरील ताजमहाल हॉटेलात आज जी झुंबरे आणि भिंतीवरचे दिवे दिसतात, ते हॉटेल उघडले त्या १९०३ सालचे आहेत का. नसतील, तर सव्वाशे वर्षांच्या जवळपास पोहोचलेल्या या काळात ते कसे बदलत गेले. आणि अशा जुन्या झुंबरात आता एलईडी बसवले तर त्याची शोभा जाते का. जुन्या इमारतींमधील झुंबरे, हंड्या आणि विजेची शोभेची उपकरणे उतरवणे, दुरुस्त करणे आणि पुन्हा चढवणे हे माझे काम आहे. त्या कामाच्या आधारे आणि ताजविषयी जे निश्चितपणे ज्ञात आहे त्याच्या आधारे उत्तर देतो.

आधी एक भूमिका सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. दिव्याचा सांगाडा, त्याच्या काचेची जात, तो टांगण्याची उंची आणि त्याचे तोंड वर असावे की खाली, या सगळ्या गोष्टी आत काय जळते यावरून ठरतात. मेणबत्ती, गॅसची ज्योत, कार्बनच्या तारेचा बल्ब, टंगस्टनचा बल्ब, ट्यूबलाइट आणि एलईडी यांपैकी प्रत्येकाने आपापली शोभा घडवली आणि आधीची मोडली. म्हणून ‘हे मूळचे आहे का’ हा प्रश्न काचेला विचारण्याआधी ज्योतीला विचारावा लागतो. पितळ आणि काच शंभर वर्षे टिकते. उजेड मात्र बल्ब बदलला त्याच दिवशी बदललेला असतो.

ताजच्या आधीच्या मुंबईत रस्त्यावर नारळाच्या तेलाचे दिवे होते आणि ऑक्टोबर १८६५ मध्ये गॅसच्या बत्त्या आल्या. विजेचा पहिला प्रयत्न १८८२ मध्ये क्रॉफर्ड मार्केटात झाला. ईस्टर्न इलेक्ट्रिक लाइट अँड पॉवर कंपनीने तेथे विजेचे दिवे लावले. परंतु पुढच्याच वर्षी कंपनीचे दिवाळे निघाले आणि मंडई पुन्हा गॅसवर आली. त्यामुळे ‘विजेने उजळलेली मुंबईतील पहिली इमारत’ असे जे ताजविषयी वारंवार लिहिले जाते, ते जरा जपून घ्यावे. देशाचा विचार केला तर कोलकात्याच्या ग्रेट ईस्टर्न हॉटेलात १८८३ मध्येच विजेचे दिवे लागले होते, असे सांगितले जाते. ताजचे वेगळेपण पहिलेपणात शोधण्यापेक्षा दुसरीकडे शोधावे असे मला वाटते. ही इमारत पहिल्या दिवसापासून वीज गृहीत धरून चालवली गेली. गॅससाठी बांधलेल्या दालनात मागाहून तारा ओढल्या, असा प्रकार येथे नव्हता.

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेल उघडले तेव्हा मुंबईत विकत घेण्यासारखी वीजच नव्हती. बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी १९०५ मध्ये स्थापन झाली, वाडीबंदरचे तिचे वीजकेंद्र त्याच वर्षी सुरू झाले, विजेची ट्राम मे १९०७ मध्ये धावली आणि टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र तर १९१५ मध्ये चालू झाले. म्हणजे हॉटेलच्या दिवाणखान्यात जो दिवा लागत होता, त्याची वीज हॉटेलच्याच आवारात तयार करावी लागत होती. जमशेटजी टाटांनी युरोपात फिरून जी यंत्रसामग्री खरेदी केली, तिच्यात वीज निर्माण करण्याचे संच, लिफ्ट, बर्फाचा आणि सोडावॉटरचा कारखाना व धुलाईची यंत्रे होती. विजेची सामग्री आणि लिफ्ट जर्मनीतून आल्या, पंखे अमेरिकेतून आले आणि नृत्यदालनाचे लोखंडी खांब पॅरिसहून आले. शोभेचा दिवा हा अशा रीतीने एका छोट्या कारखान्याचे शेवटचे टोक होता. त्या काळी साध्या खोलीला दिवसाला १० रुपये आणि पंखा व स्वतंत्र स्नानगृह असलेल्या खोलीला १३ रुपये असा दर होता, असे नोंदलेले आहे. यावरून वीज ही पाहुण्याला दाखवण्याची आणि बिलात लावण्याचीही वस्तू होती हे लक्षात येते.

भव्य हॉटेल आणि वीज यांची सांगड लंडनमध्ये ठळकपणे घातली गेली. रिचर्ड डॉयली कार्ट या नाट्यनिर्मात्याने १८८१ मध्ये सॅव्हॉय नाट्यगृह उघडले आणि ते जोसेफ स्वान या संशोधकाच्या सुमारे १,२०० बल्बांनी उजळवले. विजेला घाबरणाऱ्या प्रेक्षकांसमोर २८ डिसेंबर १८८१ रोजी त्याने स्वतः रंगमंचावर येऊन एक पेटता बल्ब मलमलीत गुंडाळून फोडला आणि कापडाला आग लागत नाही हे दाखवले. याच माणसाने नाट्यगृहाशेजारी १८८९ मध्ये सॅव्हॉय हॉटेल बांधले आणि तेथेही स्वतःच्या यंत्रांवर वीज निर्माण करून सगळ्या खोल्यांत दिवे दिले. हॉटेलवाल्यांना विजेचे आकर्षण वाटले ते केवळ नवलाईमुळे नाही. गॅसच्या ज्योती खोलीतील हवा खातात, उष्णता सोडतात आणि वर्षभरात छताचा सोनेरी मुलामा व पडदे काजळीने काळे करतात. मोठ्या हॉटेलला दर दोन-चार वर्षांनी रंगकाम काढावे लागे, तो खर्च विजेने वाचला.

मुंबईत याशिवाय आणखी एक कारण होते आणि त्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. आपल्याकडे उघडी ज्योत आणि पंखा एका खोलीत नांदत नाहीत. ओढायचा झालरीचा पंखा असो की पावसाळी वारा, मेणबत्ती त्यात टिकत नसे. म्हणून आपल्या वाड्यांत, देवळांत आणि दरबारी महालांत प्रत्येक मेणबत्तीभोवती काचेची हंडी आली आणि हंड्या-झुंबरे हा जोडशब्द रूढ झाला. युरोपातील मेणबत्त्यांचे झुंबर बहुधा उघडे असे, भारतासाठी घडवलेल्या झुंबरांवर मात्र हंड्यांची रांग दिसते, ती या वाऱ्यामुळे. विजेच्या बल्बने हा संसार एका फटक्यात निकालात काढला. दिव्याची काच बंद असल्यामुळे त्याच खोलीत वेगाने फिरणारा अमेरिकन पंखा लावता आला. ताजमधील दिवे आणि पंखे एकाच वेळी आले, हा योगायोग मानण्याचे कारण नाही.

आता त्या पहिल्या दिव्यांचे स्वरूप पाहू. १९०३ मध्ये वापरात असलेला बल्ब कार्बनच्या तारेचा होता. नेहमीचा बल्ब १६ मेणबत्त्यांच्या शक्तीचा म्हणून विकला जाई आणि दर मेणबत्तीला साधारण साडेतीन वॉट धरले, तर तो ५५ वॉटच्या आसपास वीज खाई. त्या बदल्यात मिळणारा उजेड आजच्या हिशेबाने १६० ते २०० ल्युमेन (ल्युमेन हे उजेडाचे माप), म्हणजे दोन वॉटच्या एलईडीइतका. रंग जवळजवळ मेणबत्तीसारखा, तांबूस पिवळा. तार जसजशी जुनी होई तसा कार्बन उडून काचेच्या आत काळसर थर बसे आणि आधीच मंद असलेला बल्ब आणखी मंद होई. अशा बल्बकडे सरळ पाहता येत असे. डोळ्यांना त्रास होत नसे आणि काचेतून तारेची वेलांटी स्पष्ट दिसे.

या एका गुणामुळे त्या दशकातील शोभेचे दिवे आपल्याला आज विचित्र वाटतील असे होते: बल्ब झाकायचा नाही, दाखवायचा. कमानींच्या कडेने, आरशांच्या चौकटीभोवती, छताच्या नक्षीतील फुलांच्या मध्यभागी उघडे बल्ब बसवले जात. दुसरा बदल दिशेचा. मेणबत्ती आणि साधी गॅसज्योत वरच पेटते, त्यामुळे तिच्या खाली नेहमी दिव्याची सावली पडते. विजेचा बल्ब उलटा टांगता येतो. म्हणून १९०० च्या आगेमागे प्रथमच झुंबराचे हात खाली वाकले, बल्ब फुलाच्या कळीसारखे जमिनीकडे तोंड करून लटकू लागले आणि जेवणाच्या मेजावर थेट उजेड पडू लागला. एखाद्या जुन्या छायाचित्रात तुम्हाला बल्ब खाली तोंड करून दिसले, तर तो सांगाडा विजेसाठीच घडवलेला आहे असे खुशाल समजावे. वर तोंड करून उभे, खोट्या मेणबत्तीच्या नळीवर बसवलेले बल्ब मात्र कोणत्याही काळातले असू शकतात, कारण ती फॅशन पुन्हा पुन्हा परत आली.

स्फटिकाच्या झुंबरांचा विषय निराळा आहे आणि सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याभोवतीच आहेत. ज्याला आपण स्फटिक म्हणतो ती शिसे मिसळलेली काच असते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज रेवन्सक्रॉफ्टने ती रूढ केली. शिशामुळे काच जड होते, नरम असल्यामुळे पैलू स्वच्छ पडतात आणि आत शिरलेला प्रकाश जास्त वाकून रंगांत फुटतो. मात्र हे रंग दिसण्यासाठी उजेड बारीक ठिपक्यातून यावा लागतो. ज्योत बारीक असते, उघड्या बल्बची तारही बारीक असते. दुधी काचेचा बल्ब लावला की लोलकांत फक्त पांढरट चमक उरते, इंद्रधनुष्य जाते. एखादे झुंबर ‘मेल्यासारखे’ दिसते अशी तक्रार घेऊन लोक येतात, तेव्हा मी प्रथम बल्ब बघतो, लोलक नंतर धुतो.

भारतातील संस्थानिकांना अशी झुंबरे पुरवणाऱ्यांत बर्मिंगहॅमची एफ. अँड सी. ऑस्लर ही पेढी अग्रेसर होती. लंडनच्या १८५१ च्या महाप्रदर्शनात २७ फूट उंचीचे काचेचे कारंजे मांडणारी हीच पेढी, आणि कोलकात्यात तिचे स्वतःचे दालन होते. फ्रान्सचे बकारा आणि बेल्जियममधील लीएजजवळचे व्हाल सँ लांबेर हे आणखी दोन मोठे कारखाने. ताजच्या संग्रहात बेल्जियन झुंबरे आहेत, तशाच गोव्यातील ख्रिस्ती कलावस्तूही आहेत. परंतु संग्रहातील झुंबर आणि इमारतीचे मूळ झुंबर यांत फरक करायला हवा. गोव्यातील चर्चमधली मूर्ती जशी हॉटेलने नंतर मिळवली, तसेच एखादे झुंबरही इमारतीपेक्षा जुने असून इमारतीत उशिरा आलेले असू शकते. आणि मुंबईच्या बाजारापुरते बोलायचे तर चोर बाजारातील विक्रेता कोणत्याही जाड, स्वच्छ काचेला बेखटके ‘बेल्जियम’ म्हणतो. तेवढ्यावर कोणी पैसे मोजू नयेत.

हॉटेलातील दिवा माणसाचा चेहरा कसा दाखवतो, याचा प्रथम गांभीर्याने विचार केला तो सेझार रित्झने. सॅव्हॉयचा व्यवस्थापक म्हणून त्याने विजेचा उजेड रोज पाहिला होता. पॅरिसमध्ये १८९८ साली स्वतःच्या नावाचे हॉटेल उघडताना त्याने पत्नी मारी हिला बसवून वेगवेगळ्या रंगांची रेशमी झाकणे दिव्यावर चढवून पाहिली आणि शेवटी जर्दाळूच्या रंगाकडे झुकणारी फिकट गुलाबी छटा निवडली, कारण तीत स्त्रियांचा वर्ण उजळ आणि नितळ दिसे. दागिने आणि रेशीम घालून जेवायला येणाऱ्या स्त्रीला जेथे आपण चांगले दिसतो असे वाटते, तेथे ती पुन्हा येते, हा त्यामागचा रोकडा हिशेब होता. मेजावरचा छोटा, झाकण घातलेला दिवा जगभरच्या हॉटेलांत त्यानंतर पसरला. माझ्या मते झुंबरापेक्षा हा दिवा हॉटेलच्या इतिहासात अधिक महत्त्वाचा आहे; झुंबराकडे लोक एकदा मान वर करून पाहतात आणि मग दोन तास या छोट्या दिव्याच्या उजेडात बसतात.

पुढे टंगस्टन आले. टंगस्टनच्या तारेचा बल्ब १९०४ पासून बनू लागला, १९१० च्या सुमारास ती तार लवचीक करण्याची रीत सापडली आणि १९१३ मध्ये वायू भरलेला, गुंडाळी केलेल्या तारेचा बल्ब बाजारात आला. उजेड कितीतरी पटींनी वाढला आणि पांढरा झाला. हॉटेलांच्या सजावटीवर याचा परिणाम कार्बनच्या बल्बइतकाच खोल झाला, फक्त उलट दिशेने: आता बल्ब डोळ्यांत खुपू लागला आणि तो लपवणे भाग पडले. छतावर साखळ्यांनी टांगलेले संगमरवरासारख्या काचेचे किंवा अलाबास्टर या दुधी, पारभासक दगडाचे वाडगे आले, ज्यांतून उजेड आधी छतावर जाई आणि तेथून खाली परते. दुधी काचेचे गोल आले. १९२५ मध्ये आतून खरखरीत केलेला बल्ब निघाला आणि उघडा बल्ब मिरवण्याचा काळ संपला. १९०३ चे उघड्या बल्बांचे दिवे बहुतेक जुन्या हॉटेलांतून याच पंधरा-वीस वर्षांत गेले. ते मोडले नव्हते. नवे बल्ब त्यांत सहन होत नव्हते.

१९३० चे दशक मुंबईत वेगळ्या उजेडाचे होते. ताजपासून चालत काही मिनिटांवर असलेले रीगल चित्रपटगृह १९३३ मध्ये उघडले, इरॉस १९३८ मध्ये. पायऱ्यापायऱ्यांची काच, क्रोमचा मुलामा, भिंतीच्या खाचेत दडवलेले दिवे आणि सूर्यकिरणांची नक्षी ही त्या काळाची भाषा. ताजचा हार्बर बारही १९३३ चाच. नृत्यदालनात गोव्याच्या वादकांचे जॅझ रंगत असे आणि नृत्याला लागणारा उजेड जेवणाच्या उजेडापेक्षा निराळा, मंद करता येईल असा असावा लागतो. एकाच दालनात वेगवेगळ्या वेळी वेगवेगळा उजेड देण्याची गरज हॉटेलांना प्रथम भासली ती नृत्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात आणि पुन्हा १९६५ व १९७१ च्या युद्धांत मुंबईत अंधारबंदी झाली. समुद्राकडे इतक्या खिडक्या असलेल्या इमारतीला काचांवर काळा कागद लावण्याचे काम किती पडले असेल, हे मुंबईच्या कोणत्याही जुन्या रहिवाशाला सांगायला नको.

ट्यूबलाइटच्या काळाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तो शोभेच्या दिव्यांचा काळ नव्हताच. १९३८ नंतर बाजारात आलेल्या या नळ्यांनी हॉटेलांची स्वयंपाकघरे, मागचे मार्ग आणि कचेऱ्या उजळल्या. बैठकीच्या दालनांत त्या खोट्या छताच्या खाचेत गेल्या आणि त्या खोट्या छतांनी मूळ नक्षी व झुंबराच्या जुन्या कड्या झाकून टाकल्या. आम्हाला पुढे त्याच कड्या सुस्थितीत सापडतात, म्हणून त्या छतांना फार शिव्याही देववत नाहीत.

ताजची मोठी पुनर्रचना १९७० च्या दशकात झाली. शेजारचा नवा मनोरा उभा राहिला, आणि एलिझाबेथ केरकर यांच्या देखरेखीखाली समूहाच्या हॉटेलांची अंतर्गत सजावट होऊ लागली. जुन्या इमारतीत जुन्या वस्तू हुडकून आणून मांडण्याची दृष्टी या काळातली. आज जुन्या हॉटेलांत जे ‘जुने’ वातावरण दिसते, त्याचा बराच भाग अशा विचारपूर्वक जमवलेल्या वस्तूंचा असतो, आणि त्यात कमीपणा काही नाही. फक्त त्याला १९०३ चे म्हणू नये. नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्यात जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यांना आगीने मोठी हानी पोहोचली; दुरुस्तीनंतर जुना भाग १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला. घुमटाखालचा भव्य जिना आणि त्याच्या पायथ्याचा जमशेटजींचा अर्धपुतळा त्यातून वाचला. इतक्या फेऱ्यांनंतर एखादा दिवा पहिल्या वर्षाचा आहे असे गृहीत धरण्यास आधार उरत नाही. ज्याला तसे म्हणायचे असेल, त्याने त्या दिव्यापुरता पुरावा दाखवला पाहिजे. पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर हे.

तो पुरावा कोठे मिळतो, हे सांगतो, कारण कोणत्याही जुन्या हॉटेलला किंवा वाड्याला ते लागू आहे. झुंबर खाली उतरवल्यावर मी काचेकडे न पाहता वरची टोपी उघडतो. टोपीखाली, जेथे कोणी पॉलिश करत नाही, तेथे जुन्या मुलाम्याचा खरा रंग राहिलेला असतो आणि बहुधा जुन्या तारेचा तुकडाही. रबराचा थर आणि वर विणलेले सुती कापड असलेली तार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. हातात घेतली की रबराचा भुगा पडतो, आणि म्हणूनच ती ताबडतोब बदलावी लागते, पण एक वीतभर तुकडा चिठ्ठी बांधून ठेवावा. मग हात पाहावेत. मेणबत्तीसाठी केलेल्या काचेच्या हाताला आत पोकळी नसते. त्यात वीज नंतर घातली असेल तर तार हाताच्या बाहेरून चिकटवलेली दिसते. पोकळ हात गॅसचा किंवा विजेचा. गॅसचा असेल तर मुळाशी तोटीची जागा किंवा ती बुजवल्याची खूण असते. होल्डरही बोलतात. ब्रिटिश पद्धतीचा दोन पिनांचा होल्डर आपल्याकडे इतका रुळला की आजही घराघरांत तोच आहे. जुन्या सांगाड्यात आट्यांचा होल्डर मूळ पितळेसह घट्ट बसलेला आढळला, तर माल युरोपातील अन्य देशांतून किंवा अमेरिकेतून आला असावा असा संशय घ्यायला जागा आहे. ऑस्लरच्या मालावर काही वेळा नाव सापडते. बकाराची काचेवर कोरलेली खूण १९३६ नंतरची, त्यामुळे ती खूण असलेला लोलक १९०३ मध्ये टांगलेला असणे शक्य नाही.

अपोलो बंदरासारख्या ठिकाणी खारा वारा हा पुरावा खातो. लोलक जोडणाऱ्या पितळी पिना आधी हिरव्या पडतात, मग ठिसूळ होतात, आणि एखाद्या रात्री कारण नसताना लोलक खाली येतो. म्हणून समुद्रकाठच्या झुंबरांच्या पिना दर काही वर्षांनी बदललेल्याच असतात आणि त्यांच्यावरून वय ठरवता येत नाही. कडीची गोष्ट निराळी. ग्वाल्हेरच्या जयविलास महालातील शिंद्यांची दोन झुंबरे प्रत्येकी साडेतीन टनांची आहेत आणि ती टांगण्याआधी छत पेलते का हे पाहण्यासाठी वर हत्ती चढवले होते, अशी आख्यायिका आहे. कथा खरी असो वा नसो, शंका अगदी योग्य ठिकाणची आहे. तुळईतून आरपार गेलेली कडी ही बहुधा इमारतीइतकीच जुनी असते, आणि झुंबर किती वेळा बदलले तरी ती राहते. मूळ दिवे कोठे होते, किती जड होते आणि किती उंचीवर होते, याचा सर्वांत विश्वासू साक्षीदार तीच.

शेवटचा प्रश्न एलईडीचा. बसवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे पहिले कारण उष्णता हे आहे. ४८ बल्बांच्या झुंबरात ४० वॉटचे बल्ब लावले की १,९२० वॉट उष्णता छताजवळ साठते, तारांचे आवरण भाजते आणि वातानुकूलन यंत्राला तीच उष्णता पुन्हा बाहेर काढावी लागते. चार वॉटच्या एलईडीने तो आकडा १९२ वर येतो. परंतु बल्ब निवडताना बहुतेक ठिकाणी घोटाळा होतो. एका हॉटेलने मोठ्या खर्चाने दुरुस्त करून घेतलेल्या झुंबरात लोहार चाळीच्या विजेच्या सामानाच्या बाजारातून आणलेले पांढऱ्याशुभ्र उजेडाचे, दुधी टोपीचे बल्ब लावले आणि महिनाभरातच लोलक बदलून द्या म्हणून निरोप पाठवला. लोलकांत दोष काहीच नव्हता.

स्फटिकासाठी पारदर्शक काचेचा, बारीक तंतूसारख्या पट्ट्या असलेला एलईडी घ्यावा, म्हणजे ठिपक्यातून येणारा उजेड मिळतो. रंग २,२०० ते २,४०० केल्व्हिनचा असावा; केल्व्हिनचा आकडा जितका कमी, तितका उजेड पिवळा. ‘वॉर्म व्हाइट’ म्हणून मिळणारा ३,००० केल्व्हिनचा बल्ब कार्बनच्या काळातील दालनाला फार थंड पडतो. रंगदर्शनाचा निर्देशांक (सीआरआय, म्हणजे दिव्याखाली वस्तूंचे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा) ९५ च्या पुढे असावा आणि गडद लाल रंगाचा वेगळा आकडा विचारून घ्यावा, कारण लाकूड, गालिचा आणि माणसाची त्वचा या तिन्ही गोष्टी लालवर उभ्या आहेत. रित्झने रेशमाने जे साधले ते या आकड्याने साधायचे आहे. प्रत्येक बल्बचा उजेड २०० ल्युमेनच्या फार वर नेऊ नये. मूळचे झुंबर तेवढ्याच उजेडासाठी बनले होते, आणि दालन अंधारे वाटत असेल तर जास्तीचा उजेड भिंतीवरून किंवा खाचेतून स्वतंत्रपणे द्यावा.

उजेड कमी-जास्त करणारे जुने बटण, म्हणजे जुना डिमर, ठेवू नये. तो शेकडो वॉटच्या भारासाठी केलेला असतो आणि एलईडीच्या किरकोळ भारावर दिवे लुकलुकतात किंवा पूर्ण विझतच नाहीत. एलईडीसाठी बनवलेला, लाटेचा मागचा भाग कापणारा डिमर घ्यावा आणि सगळे बल्ब एकाच मालाचे, दहा-पंधरा जास्तीचे घेऊन ठेवावेत, कारण दोन वर्षांनी तोच रंग पुन्हा मिळत नाही. मूळ होल्डर काढायचे झाल्यास ते कापू नयेत. आट्यांचे असतील तर जोडतुकडा वापरता येतो, पितळ सैल झाले असेल तर आतला चिनीमातीचा भाग तेवढा बदलता येतो. पितळी सांगाड्याला अर्थिंग द्यावेच. कार्बनच्या काळातील झुंबरांना ते सहसा नसे, आणि पावसाळ्यात खिडक्या उघड्या राहणाऱ्या दालनात याचा अर्थ काय होतो, हे वायरमनला विचारावे.

काम सुरू करण्याआधी दिवे जुन्या बल्बांसह पेटवून, कॅमेऱ्याचा रंग एका ठरावीक आकड्यावर बांधून छायाचित्रे घ्यावीत. स्वयंचलित रंगजुळणी चालू ठेवली तर कॅमेरा पिवळा उजेड पांढरा करून दाखवतो, आणि नव्या बल्बची तुलना ज्याच्याशी करायची ती नोंदच चुकीची होते.